दोन चौकटी एका नजरेत : संगणकाच्या पडद्यावरील मांडणीविषयी

प्रति,
मा. संपादक,

विषय : संगणकाच्या पडद्यावर दोन कागद एकाच वेळी नीट मांडता येण्याची सोय आणि तिचे शिक्षण

महोदय,

मी तालुक्याच्या गावातील एका ‘ब’ वर्ग शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल म्हणून काम करते. विंडोज १० या संगणकप्रणालीला मिळणारी नियमित मोफत सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि तेव्हापासून आमच्यासारख्या लहान संस्थांमध्ये जुने संगणक बदलावेत, त्यांवर दुसरी प्रणाली घालावी की आहे तसेच चालू ठेवावेत, याची चर्चा चालू आहे. या चर्चेत प्रोसेसर, मेमरी आणि किंमत यांविषयी सगळे विचारतात. त्या पडद्यावर दिवसभर काम करणाऱ्या माणसाला दोन कागद एकाच वेळी समोर ठेवता येतील का, हा प्रश्न मात्र मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. तो विचारला जावा, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पडद्यावर उघडणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमाच्या (प्रोग्रॅमच्या) विंडोला मी या पत्रात ‘चौकट’ म्हणणार आहे, कारण मराठीत विंडोचे अनेकवचन करू गेल्यास ते प्रणालीच्या नावाशी एकरूप होते आणि वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.

आमच्या ग्रंथालयाची सर्वांत जुनी दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद ठेवणारी वही, आता हात लावला तरी कडेने झडते. तिची पाने आम्ही स्कॅन करून घेतली आणि त्यांवरून सर्व नोंदी संगणकातील तक्त्यात उतरवण्याचे काम हाती घेतले. वाचणारा एक आणि टंकणारा दुसरा, अशी या कामाची जुनी रीत आहे. पण आमच्याकडे दुपारच्या वेळी दोन माणसे एका टेबलाशी बसू शकतील एवढी सवड नसते, म्हणून एकाच व्यक्तीने चित्र बघायचे आणि तिनेच तक्ता भरायचा, असे ठरले. संगणकाच्या पूर्ण पडद्यावर नोंदवहीचे पान उघडायचे, एक ओळ डोक्यात धरायची, ऑल्ट आणि टॅब दाबून तक्त्यावर यायचे, धरलेले लिहायचे आणि पुन्हा मागे जायचे. एका पानावर पंचवीस नोंदी असतात. एका नोंदीसाठी एकदा जाणे आणि एकदा येणे एवढेच धरले, तरी एका पानाला पन्नास फेऱ्या होतात. प्रत्यक्षात लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठे आणि किंमत इतके सगळे एका दमात कुणाच्याच लक्षात राहत नाही, त्यामुळे फेऱ्या याच्या दुपटीहूनही अधिक होत.

अशाच एका दुपारी माझ्या हातून चूक झाली. मागे गेल्यावर नजर एका ओळीने खाली पडली आणि तिथून पुढे सत्तावीस पुस्तकांच्या शीर्षकांसमोर त्यांच्या खालच्या पुस्तकांच्या लेखकांची नावे लिहिली गेली. हे लक्षात यायला काही आठवडे गेले. एका ज्येष्ठ वाचकांनी एक प्रवासवर्णन मागितले, संगणकाने ते एका नाटककाराच्या नावावर दाखवले आणि ते गृहस्थ काउंटरपाशी उभे राहून माझ्याकडे बघत राहिले. मी त्या सत्तावीस नोंदी मूळ वहीशी ताडून पुन्हा लिहिल्या. त्याबरोबर आधीच्या सगळ्या पानांवरचा माझा विश्वासही गेला आणि तीही पुन्हा तपासावी लागली.

पुढचा योग आमच्या अभ्यासिकेमुळे आला. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक विद्यार्थी पुस्तक परत करायला आला असता माझे ते मागे-पुढे जाणे त्याने पाहिले. “मॅडम, दोन्ही शेजारी शेजारी लावा ना,” असे म्हणून त्याने विंडोजचे चिन्ह असलेली कळ धरून डावा बाण दाबला. पानाचे चित्र पडद्याच्या डाव्या अर्ध्यात जाऊन बसले, उरलेल्या अर्ध्यात काय हवे असे संगणकानेच विचारले आणि तक्ता उजवीकडे येऊन बसला. मी चौदा वर्षे संगणक वापरत होते. चौकट अशी अर्ध्या पडद्यात बसवण्याची सोय विंडोजमध्ये २००९ सालापासून, म्हणजे विंडोज ७ पासून आहे, हे मला त्या दिवशी कळले. त्या मुलाचे उपकार मी विसरणार नाही. पण इतकी साधी गोष्ट चौदा वर्षांत कुठल्याही वर्गात, कुठल्याही प्रशिक्षणात कुणीच सांगितली नाही, याचे वाईट वाटल्यावाचून राहिले नाही.

तरीही काम पूर्ण सुटले नाही आणि माझ्या पत्राचा खरा विषय इथून सुरू होतो. दाखल नोंदवहीची एक नोंद समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेली असते : डावीकडे दिनांक, दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, उजवीकडे प्रकाशक, वर्ष, पृष्ठे, किंमत, देयक क्रमांक, वर्गांक आणि शेरा. आमच्या लॅपटॉपचा पडदा १३६६ पिक्सेल (पडद्यावरचे बारीक ठिपके) रुंद आणि ७६८ पिक्सेल उंच आहे. तो उभा मधोमध कापला की प्रत्येक वाट्याला ६८३ पिक्सेल येतात. एवढ्या रुंदीत दोन पाने बसवली तर अक्षर मुंगीएवढे होते आणि मोठे केले तर ओळ आडवी सरकवावी लागते. सरकवताना पुन्हा नजर वरच्या किंवा खालच्या ओळीवर घसरते. ज्या चुकीपासून सुटका हवी होती, तीच मागच्या दाराने परत येते.

या कामाला उभे दोन भाग चालत नाहीत, आडवे दोन भाग लागतात. वरच्या अर्ध्या भागात नोंदवहीची पूर्ण रुंदी आणि खालच्या अर्ध्या भागात तक्त्याची पूर्ण रुंदी, अशी मांडणी केली की वरची एक ओळ आणि खालची एक ओळ एकमेकींखाली येतात, स्तंभ स्तंभाला जुळतो आणि डोळ्यांना फक्त वर-खाली व्हावे लागते. पडद्याच्या तळाशी असणाऱ्या पट्टीची, म्हणजे टास्कबारची, चाळीस पिक्सेल वजा करता प्रत्येक भागाला ३६४ पिक्सेल उंची मिळते. ती कमी वाटेल, पण तक्त्याच्या डोक्यावरची चिन्हांची जाड पट्टी कंट्रोल आणि एफ-१ दाबून मिटवली की सात-आठ ओळी सहज दिसतात, आणि या कामाला एका वेळी एकच ओळ लागते. त्या मांडणीत बसल्यापासून आमची ओळ एकदाही सरकलेली नाही.

यावरून मला जे सांगायचे आहे ते असे, की पडद्याची विभागणी कशी करायची हे हातातील कामावरून ठरते. उभे छापील पान बघून मजकूर टंकायचा असेल तर शेजारी-शेजारी मांडणी उत्तम. रुंद नोंदवही, हजेरीपत्रक किंवा जमाखर्चाची वही उतरवायची असेल तर वर-खाली मांडणी हवी. आपल्याकडे कार्यालयांतून, शाळांतून, पतसंस्थांतून जे उतरवण्याचे काम चालते त्यातील फार मोठा भाग या दुसऱ्या प्रकारचा आहे, कारण आपल्या वह्याच आडव्या आहेत. प्रणाली बनवणाऱ्यांनी मात्र डावे-उजवे हेच मुख्य धरले आणि वर-खाली हे अडगळीत टाकले.

विंडोज १० मध्ये टास्कबारच्या मोकळ्या जागेवर उजवी कळ दाबली की सर्व उघड्या चौकटी एकाखाली एक किंवा शेजारी-शेजारी रचण्याचे पर्याय दिसत असत. ते ओबडधोबड होते, पण शब्दांत लिहिलेले होते आणि नवख्या माणसाला सापडत होते. विंडोज ११ मध्ये तो यादीतला भाग काढून टाकला गेला. त्याऐवजी २०२१ पासून चौकट मोठी करण्याच्या चिन्हावर माउस थांबवला, किंवा विंडोज कळ आणि झेड दाबले, की मांडणीच्या लहान आकृत्या समोर येतात. ही कल्पना खरोखरच चांगली आहे, कारण आकृती बघून निवड करता येते आणि काही पाठ करावे लागत नाही. परंतु नेहमीच्या आडव्या पडद्यावर त्या आकृत्यांत उभ्या पट्ट्या आणि चौथाई भाग असतात. पूर्ण रुंदीचे वर-खाली दोन भाग नसतात. ते हवे असल्यास विंडोज कळ आणि ऑल्ट धरून वरचा किंवा खालचा बाण दाबावा लागतो. ही जोडी कुठे लिहिलेली दिसत नाही, आणि जी दिसत नाही ती सोय आमच्यासारख्यांच्या दृष्टीने नसल्यातच जमा आहे.

इतरांनी काय केले तेही सांगते. ॲपलने सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या मॅकओएस सिक्वोया या आवृत्तीत चौकटी अशा बसवण्याची सोय दिली आणि तिच्या यादीत डावे-उजवे व वर-खाली या दोन्ही जोड्या उघडपणे ठेवल्या. लिनक्स या मोफत मिळणाऱ्या प्रणालीवर चालणाऱ्या केडीई प्लाझ्मा या पडदा-व्यवस्थेच्या फेब्रुवारी २०२३ मधील आवृत्तीत विंडोज कळ आणि टी दाबून वापरणाऱ्याला आपल्या पडद्याचे भाग स्वतः आखता येतात आणि मग शिफ्ट धरून चौकट ओढली की ती त्या भागात बसते. आमच्याकडचा एक जुना संगणक विंडोज ११ साठी अपात्र ठरला, म्हणून त्यावर आम्ही लिनक्स मिंट हा लिनक्सचाच एक प्रकार घातला. तिथे विंडोज कळ आणि वरचा बाण दाबला की चौकट वरच्या अर्ध्यात जाते, खालचा बाण दाबला की खालच्या अर्ध्यात. टाकून द्यायला काढलेल्या त्या संगणकावरच आता नोंदवहीचे काम सर्वांत सुरळीत चालते.

हा प्रश्न नवाही नाही. झेरॉक्स कंपनीचा स्टार हा कार्यालयांसाठी बनवलेला संगणक १९८१ मध्ये आला तेव्हा त्यातील कामाच्या चौकटी फरशीसारख्या शेजारी-शेजारी बसत. नोव्हेंबर १९८५ मध्ये आलेल्या विंडोजच्या पहिल्या आवृत्तीतही चौकटी एकमेकींवर चढू शकत नव्हत्या. ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकाने १९८४ मध्येच टेबलावर पसरलेल्या कागदांसारख्या, एकीवर एक येणाऱ्या चौकटी लोकांपुढे आणल्या होत्या. १९८७ च्या अखेरीस विंडोजच्या दुसऱ्या आवृत्तीनेही तीच वाट धरली आणि पुढे तीच रूढ झाली. सारा ब्लाय आणि जॅरेट रोझेनबर्ग या संशोधकांनी १९८६ मध्ये या दोन पद्धतींची तुलना करून पाहिली. चौकटी फारशा हलवाव्या लागत नाहीत अशा कामात फरशीबंद मांडणीवर लोकांचे काम लवकर झाले आणि ज्या कामात चौकटींची बरीच हलवाहलव करावी लागते तिथे एकीवर एक येणाऱ्या चौकटींचा काही वापरणाऱ्यांना, विशेषतः सरावलेल्यांना, फायदा झाला, असे त्यांना आढळले. उतरवण्याचे काम हे पहिल्या प्रकारचे आहे : दोनच चौकटी असतात आणि त्या तासन्‌तास जागच्या हलत नाहीत. म्हणजे ज्या कामासाठी फरशीबंद मांडणी योग्य असल्याचे चाळीस वर्षांपूर्वी दिसून आले, ते काम करणारी माणसे आजही पूर्ण पडद्याच्या दोन चौकटींमध्ये ये-जा करत आहेत.

आपल्या लिपीचाही यात संबंध आहे. कमी जागेत जास्त मजकूर बसवण्यासाठी अक्षर लहान करण्याचा उपाय रोमन लिपीला काही प्रमाणात सोसतो. देवनागरीला तो सोसत नाही. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार, मधे जोडाक्षर, असा आपला अक्षरपसारा उभा आहे. लहान केलेल्या चित्रात ‘अनंत’ आणि ‘अनत’ यांत फरक करणारा ठिपका दिसेनासा होतो, निळ्या-काळ्या शाईत लिहिलेला रफार तर हमखास हरवतो. सेटिंगमध्ये पडद्यावरील सगळ्या अक्षरांचा व चिन्हांचा आकार १५० टक्के ठेवणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी आहे. १९२० पिक्सेल रुंदीचा चांगला पडदासुद्धा तेव्हा कार्यक्रमांना १२८० पिक्सेलचाच भासतो आणि त्याचा अर्धा भाग ६४० चा राहतो. चष्म्याचा नंबर वाढलेल्या माणसांनी हीच निवड केलेली असते, आणि नेमकी हीच माणसे जुन्या वह्या वाचू शकतात.

पडदा अर्धा केला की संकेतस्थळांची परीक्षा होते. माहिती भरण्याच्या एका संकेतस्थळावर मला असा अनुभव आला, की चौकट अर्धी करताच ‘जतन करा’ हे बटण उजव्या कडेबाहेर गेले आणि आडवी पट्टी ओढत प्रत्येक वेळी ते शोधावे लागले. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या डब्ल्यूसीएजी २.१ या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत, मजकूर ३२० पिक्सेल रुंदीतही आडवे सरकवावे न लागता वाचता यावा, अशी स्पष्ट अपेक्षा आहे. तिच्या दुप्पट रुंदीतही जे पान मोडते, ते बनवणाऱ्याने स्वतः कधी अर्ध्या पडद्यावर उघडून पाहिलेले नसावे. असे संकेतस्थळ कुणाही संस्थेने ताब्यात घेण्याआधी ते अर्ध्या पडद्यावर एकदा भरून पाहण्याची अट घातली तर खर्च काहीच येणार नाही.

प्रणाली बनवणाऱ्यांकडे माझे आणखी एक मागणे आहे, आणि माझ्या मते ते सर्वांत मोठे आहे : संगणकाने मांडणी लक्षात ठेवावी. आमच्याकडे दिवसातून एकदा तरी वीज जाते आणि लॅपटॉप नसलेला, टेबलावरचा संगणक बंद पडतो. पुन्हा सुरू केल्यावर वही कुठल्या पानावर होती हे वहीच्या कार्यक्रमाला आठवते, तक्त्यालाही आपली शेवटची ओळ बऱ्याचदा आठवते. पण वर वही आणि खाली तक्ता असे बसलेले जोडपे मात्र मोडलेले असते. मधली सीमारेषा मी वहीला थोडी जास्त जागा देण्यासाठी खाली ओढून ठेवलेली असते, तीही गेलेली असते. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉईज या मोफत जोडसंचात २०२४ पासून अशी मांडणी साठवून एका टिचकीत परत उभी करण्याची सोय आली आहे, पण जोडसंच वेगळा उतरवून घ्यावा लागतो आणि पुष्कळ कार्यालयांत कर्मचाऱ्याला तसे काही घालण्याची परवानगी नसते. जी गोष्ट जोडसंचात होऊ शकते ती मूळ प्रणालीतही होऊ शकते. ‘नोंदवहीचे काम’ असे नाव देऊन मांडणी ठेवता यावी आणि सकाळी त्या नावावर टिचकी मारली की दोन्ही चौकटी आपापल्या जागी याव्यात, एवढेच आम्हाला हवे आहे.

पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने बॉस लिनक्स ही भारतीय भाषांना आधार देणारी प्रणाली विकसित केली आहे. तिच्या पुढील आवृत्त्यांत ही सोय पहिल्याच पडद्यावर, मराठी नावांनी ठेवली जावी, अशी माझी विनंती आहे. स्नॅप, टाइल, कॅस्केड हे शब्द देवनागरीत लिहिल्याने नव्या माणसाला काही बोध होत नाही. त्याऐवजी ‘शेजारी’, ‘वर-खाली’, ‘चौथाई’ आणि ‘पूर्ण’ असे चार शब्द दिले, तर आमच्याकडे अर्धवेळ टंकनाला येणाऱ्या मुलीपासून निवृत्त कार्यवाहांपर्यंत कुणालाही ते न सांगता कळतील.

शिक्षणाबाबत तर कुणाची वाट पाहण्याचे कारण नाही. संगणकाची ओळख करून देणाऱ्या वर्गांत पहिल्या आठवड्यात चित्र रंगवणे आणि फाइलला नाव देणे शिकवतात. त्याच आठवड्यात एक छापील पान आणि एक कोरा तक्ता देऊन, दोन्ही एकाच वेळी पडद्यावर ठेवून उतरवायला लावावे. त्यासाठी अर्धा तास पुरेल. यात माउसऐवजी कळफलकावर भर द्यावा असे मला अनुभवाने वाटते, कारण चौकटीची कड धरायला मिळणारी जागा केसाएवढी असते आणि ज्यांचा हात थरथरतो त्यांना ती कधीच सापडत नाही. कळ आणि बाण मात्र कुणालाही दाबता येतात. शिक्षकांनी एवढे मात्र जरूर सांगावे, की चौकट चुकून कडेला नेल्यावर ती आपोआप अर्धी झाली तर घाबरू नये. या घाबरण्यामुळेच अनेकांनी ही सोय सेटिंगमध्ये जाऊन कायमची बंद करून ठेवलेली मी पाहिली आहे.

यावर दुसरा मॉनिटर घेण्याचा सल्ला मला मिळालेला आहे. ज्यांना परवडतो त्यांनी तो जरूर घ्यावा. आमच्या ग्रंथालयात टेबल एकच आहे, त्यावर देवघेवीची वही, शिक्के आणि वाचकांची ओळखपत्रे असतात, आणि अनुदानातून आधी पुस्तके घ्यायची असतात. आहे त्या पडद्याचे दोन नीट भाग करता येणे हाच आमचा दुसरा मॉनिटर आहे.

आपणास शेवटची विनंती अशी, की दैनिकात संगणकाविषयी माहिती देणारा मजकूर येईल तेव्हा या कळांची एक छोटी चौकट छापावी : विंडोज कळ व डावा किंवा उजवा बाण म्हणजे शेजारी, विंडोज ११ मध्ये विंडोज कळ, ऑल्ट व वरचा किंवा खालचा बाण म्हणजे वर-खाली, लिनक्स मिंटमध्ये विंडोज कळ आणि चारही बाण. ती कापून आमच्या टेबलाच्या काचेखाली आणि अभ्यासिकेतल्या संगणकाशेजारी लावण्याचे काम माझ्याकडे राहील.

आपली विश्वासू,
एक ग्रंथपाल,
जिल्हा सातारा